दुखण्याची सोबत आणि नामाची संगत

या महिन्याच्या निरूपणास आरंभ करतो. विषय नेहमीचा नाही. पण घरोघरचा आहे. साठी-सत्तरी उलटली, गळ्यात तुळशीची माळ आहे, मुखी नाम आहे, आणि संगतीला एक दुखणेही येऊन बसले आहे. कुणाला रक्तदाब, कुणाला साखर, कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला दमा. वैद्य सांगतो की हे आता जन्माचे आहे. मग त्या वारकऱ्याने पुढे जगायचे कसे, हा आजचा प्रश्न.

सज्जनहो, दुखणी दोन जातींची. एक पाहुण्यासारखे दुखणे. ताप आला, चार दिवस राहिला, काढा घेतला, घाम सुटला, गेला. दुसरे घरजावयासारखे दुखणे. ते एकदा उंबरठा ओलांडून आत आले की जायचे नाव काढीत नाही. त्याच्याशी रोज भांडलो तर घराची शांती जाते; आणि त्याच्याकडे लक्षच दिले नाही तर तो घरच धुवून नेतो. त्याचे मानपान ठरवून द्यावे लागते, त्याची जागा नेमून द्यावी लागते, आणि आपला संसार व परमार्थ पुढे चालू ठेवावा लागतो. आपली चूक होते ती इथेच. पाहुण्याशी वागावे तसे आपण घरजावयाशी वागतो. चार दिवस गोळी घेतो, बरे वाटले की सोडून देतो, आणि म्हणतो, "गेला पाहुणा." तो गेलेला नसतो; ओसरीवर बसलेला असतो.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. नम्रता, अहिंसा, क्षमा, गुरुसेवा अशी एकेक लक्षणे सांगत सांगत भगवंत जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणे हेही ज्ञानाचेच लक्षण म्हणून सांगतात. माउलींनी ज्ञानेश्वरीत यावर फार विस्ताराने भाष्य केले आहे. ज्ञानी पुरुष म्हातारपण यायच्या आधीच ते आलेले पाहतो, आणि अंगात बळ आहे तोवर त्या बळाचे सार्थक करून घेतो, असा त्या निरूपणाचा आशय आहे. पुष्कळांना वाटते की हे वैराग्याचे बोलणे आहे, म्हणजे देहाला नावे ठेवायची आणि उदास होऊन बसायचे. तसे नव्हे. भगवंत 'पाहा' म्हणतात, 'रडा' म्हणत नाहीत. ज्याला नदीचा उतार कुठे आणि डोह कुठे हे ठाऊक आहे तो पूर आला तरी बुडत नाही. व्याधीकडे पाहणे म्हणजे तिचे नाव जाणणे, तिची खोड जाणणे, आणि ती कुठून घात करील हे आधीच ओळखून ठेवणे. हे ज्ञान आहे, आणि ते ज्ञानेश्वरीच्या बाहेरचे नाही.

आता पूर्वपक्ष मांडतो. कोणी म्हणेल, "महाराज, देह हा नाशवंत. त्याचे एवढे कौतुक कशाला? पांडुरंग समर्थ आहे. गोळ्या-बिळ्या कशाला हव्यात? ज्याने जन्म दिला तो बघून घेईल." दुसरा कोणी याच्या उलट म्हणेल, "आता उरले काय? पायांनी वारी होत नाही, डोळ्यांनी पोथी दिसत नाही, जिभेला गोड खायची बंदी. आता नाम घेतले काय आणि न घेतले काय, दिवस मोजायचे." पहिला देह टाकून देतो, दुसरा देव टाकून देतो. वरवर दोघे उलट्या दिशांनी चाललेले दिसतात, पण दोघांचे मूळ एकच. दोघांनाही देह आणि देव यांची सांगड घालता आलेली नाही.

उत्तर असे. हा देह भाड्याचे घर आहे, हे खरे. पण भाडेकरूने घर पडू द्यावे असे कोठे सांगितले आहे? आपल्या जिवतीच्या डोंगरावर जाऊन पाहा. माणिकगडाच्या त्या पठारावर कोलाम आणि गोंड बांधवांची जुनी वस्ती आहे, आणि मराठवाड्यातून पोटासाठी आलेली, संगे टाळ, वीणा आणि पोथी घेऊन आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. तिथले कवेलूचे घर ज्याने पाहिले त्याला ठाऊक आहे की मृग लागायच्या आधी घरधनी शिडी लावून वर चढतो आणि कवेलू फेरतो. फुटके काढतो, सरकलेले नीट बसवतो. 'मागच्या वर्षी फेरले होते, आता कशाला' असे कुणी म्हणत नाही. म्हटले तर आषाढात अंथरुणावर धार लागते. रक्तदाबाची गोळी म्हणजे हे कवेलू फेरणे आहे. काल घेतली म्हणून आज सुटका नाही. आज घेतलेल्या गोळीने आजचा दिवस राखला जातो, एवढाच तिचा अर्थ.

रक्तदाब हा तर मुका रोग आहे. तो दुखत नाही, खुपत नाही, ताप आणीत नाही. पुष्कळांना तो वर्षानुवर्षे असतो आणि कळत नाही. मग एक दिवस पहाटे उठताना हात उचलत नाही, तोंड एका बाजूला ओढले जाते, बोल अडखळतो. आपल्याकडे त्यास लकवा म्हणतात, कोणी अर्धांग म्हणतात. 'बाहेरचे वारे लागले' म्हणून अंगारा लावण्यात पहिले काही तास निघून जातात, आणि तेच तास मोलाचे असतात. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची बारकाईने नोंद घेतली. त्यांत असे दिसून आले की त्या खेड्यांत मृत्यूचे सर्वांत मोठे एकच कारण लकवा हे होते. दर सात मृत्यूंत एक. आणि त्यांतले बहुतेक मृत्यू दवाखान्यात नव्हे, घरीच झाले. सज्जनहो, हा रोग शहरातल्या शेठसावकारांचा आहे असे आपण समजत होतो. तो जंगलातल्या झोपडीत येऊन बसला आहे. म्हणून ज्याने पन्नाशी गाठली त्याने दुखो वा न दुखो, आरोग्य उपकेंद्रात जाऊन दंडाला पट्टा बांधून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते आणि गोळ्याही सरकार देते. लाज कसली? आणि हात, तोंड किंवा बोल अचानक गेला तर अंगाऱ्याची पुडी शोधू नका, आधी गाडी शोधा. १०८ क्रमांकाला फोन लावा. नामस्मरण गाडीत बसूनही करता येते.

जिवतीकडच्या एका गावी सप्ताहात प्रवचन झाल्यावर एक म्हातारी माउली पुढे आली. मूळची नांदेडकडची. पदर सावरून म्हणाली, "महाराज, डागदरानं साकरेची गोळी देली हाय. रोज सकाळी घ्या म्हनतो. पन एकादशीला गोळी घेतली तर एकादशी मोडती का हो? म्या दोन एकादश्या गोळी घेतलीच नाई. देवापुढं खोटं नको."

केवढी निष्ठा, आणि केवढे संकट! त्या आजींना जे सांगितले तेच येथे सर्वांसाठी सांगतो. "आजी, आपल्या धर्मशास्त्रात ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे म्हटले आहे, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधाचेही नाव आहे, गुरूच्या वचनाचेही आहे. औषध म्हणजे अन्न नव्हे, ते पोट भरायला घेत नाहीत. तेव्हा गोळीने एकादशी मोडत नाही. उलट गोळी सोडून तुम्ही चक्कर येऊन पडलात, तर द्वादशीचे पारणे कोण सोडणार आणि नातवाला हरिपाठ कोण शिकवणार?"

आजी हसल्या. पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही, म्हणून जरा खोलात जाऊ. साखरेच्या रोग्याने गोळी किंवा इंजेक्शन घेतले आणि दिवसभर निरंकार राहिला, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते, अंगात आले. अंगात काही आलेले नसते, साखर गेलेली असते. अशा वेळी शुद्ध असेल तर ताबडतोब साखरेचे पाणी किंवा गुळाचा खडा द्यावा. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. हे झाले एका बाजूचे. दुसऱ्या बाजूला उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर गोड शिंगाड्याचा शिरा असा दुप्पट फराळ झाला की तीच साखर डोक्यावर चढते. म्हणून साखरेच्या रोग्याने एकादशीच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "माझा उपवास असतो, त्या दिवशी गोळी किती आणि केव्हा घेऊ?" डॉक्टर मोजून सांगतील. काहींना ते उपवास करूच नका म्हणतील. तेही गुरुवचनासारखे मानावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अती खाणाऱ्याला योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगितले आहे. उपवास या शब्दाचा अर्थच मुळी जवळ राहणे. कुणाच्या जवळ? पांडुरंगाच्या. आता ज्याचे डोके उपाशीपोटी गरगरते, तो देवाजवळ आहे की चकरेजवळ आहे, हे त्याचे त्यानेच ओळखावे. पाण्यात शिजलेली मूठभर भाजी आणि भाकरीचा तुकडा खाऊन जो दिवसभर नामात राहिला, त्याचा उपवास घडला. साबुदाणा खाऊन जो दिवसभर सुनेला बोलला, त्याचा मोडला.

आता दृष्टांताकडे वळू. आपल्या परंपरेत कूर्मदासांची कथा सांगतात. कूर्मदास पैठणचे. त्यांना हात नव्हते, पाय नव्हते. कीर्तनात पंढरीचे वर्णन ऐकले आणि मनाने घेतले की वारीला जायचे. लोक म्हणाले असतील, "अहो, तुम्ही कसे जाणार?" पण ज्याला पाय नाहीत त्याला पोट तर आहे! ते पोटावर सरपटत, गडबडा लोळत निघाले. दिवसामागून दिवस गेले. अंग सोलले. एकादशी जवळ आली तेव्हा ते माढ्याकडच्या लऊळ गावापर्यंत पोहोचले होते. पंढरी अजून पुढे होती आणि वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी काय केले? रडत बसले नाहीत, आणि खोटा अभिमान धरून जिवाचा घातही करून घेतला नाही. वाटेने जाणाऱ्या वारकऱ्यांना हाका मारल्या आणि निरोप दिला की माझे एवढे मागणे देवाच्या पायांवर घाला, मला तेथवर येता येत नाही, आता तूच ये. आणि पांडुरंग पंढरी सोडून लऊळला आले.

ही कथा आपण ऐकतो आणि देवाच्या कृपेपाशी डोळे पुसून थांबतो. पण कूर्मदासांकडे जरा पाहू. त्यांच्यापासून दुखणाईत वारकऱ्याने तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की त्यांनी नसलेल्या पायांचा शोक केला नाही. असलेल्या अंगाचा उपयोग केला. दुसरी ही की आपली मर्यादा त्यांनी लपवली नाही. 'मला येता येत नाही' हे चार शब्द त्यांनी भर रस्त्यात उच्चारले. आपल्यातले कितीतरी म्हातारे गुडघा मोडेपर्यंत हे शब्द तोंडातून काढीत नाहीत. आणि तिसरी, त्यांनी दुसऱ्याचे साहाय्य मागितले. त्या वारकऱ्यांनी निरोप नेला म्हणून भेट घडली. साहाय्य मागण्यात हीनपणा नाही. वारी मुळात एकट्याने करायची गोष्टच नव्हे, म्हणून तर दिंडी असते. लऊळला आजही कूर्मदासांचे मंदिर आहे. पंढरीला न पोहोचलेल्या भक्ताचे ते मंदिर आहे, हे ज्यांची पायी वारी सुटली त्यांनी ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, ती पुराणातली माणसे, आजच्या काळात असे कुठे आहे? तर आपल्याच जिल्ह्यातले, डोळ्यांनी पाहिलेले उदाहरण सांगतो. वरोऱ्याचे बाबा आमटे. ते आपल्या संप्रदायातले नव्हते. पण संतांनी रंजल्यागांजल्यांची जी सेवा शिकवली ती त्यांनी केली, म्हणून त्यांचे नाव या पानावर घेण्यास संकोच वाटत नाही. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. वरोऱ्याला वकिली करीत होते, ती सोडून त्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पडीक माळावर आनंदवन उभे केले. सारा समाज ज्यांना गावाबाहेर घालवीत होता, त्या कुष्ठरोग्यांनी आपल्या झडलेल्या बोटांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, घरे बांधली. ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण बाबांचे स्वतःचे दुखणे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या पाठीच्या कण्याला असा विकार जडला की त्यांना बसता येईना. उभे राहावे, चालावे किंवा आडवे पडावे, एवढेच. सज्जनहो, विचार करा. जेवायला बसता येत नाही, गाडीत बसता येत नाही, चार माणसांत खुर्ची घेता येत नाही. हे दुखणे वर्ष-दोन वर्षांचे नव्हते. आयुष्याच्या उत्तरार्धात ते त्यांच्या संगतीला राहिले.

त्या स्थितीत, सत्तरी ओलांडल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये बाबा कन्याकुमारीहून निघाले आणि शंभरावर तरुण बरोबर घेऊन थेट काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा केली. पाच हजार किलोमीटरांहून अधिक वाट. तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीतल्या पलंगावर आडवे! पुढे १९८८ मध्ये पुन्हा निघाले, इटानगरहून ओख्यापर्यंत. पंचाहत्तरी गाठल्यावर नर्मदेच्या काठी राहायला गेले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांनी देह ठेवला. त्यांचा कणा बरा झाला नव्हता. बरा झाल्यावर कामाला लागू असे म्हणून ते थांबले असते तर पलंगावरच राहिले असते. त्यांनी पलंगच गाडीत घातला आणि निघाले. 'दुखणे गेले की मग नाम घेऊ, मग मंदिरात जाऊ, मग नातवंडांना गोष्टी सांगू' असे म्हणणाऱ्याने हे आठवावे. बसता येत नसेल तर उभ्याने, उभे राहता येत नसेल तर पडून, पण निघावे.

आनंदवनाचा विषय निघाला आहे तर तिथली आणखी एक शिकवण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ती साखरेच्या रोग्याचा पाय वाचवणारी आहे. कुष्ठरोगाचे जंतू औषधाने पुरते मरतात, रोग बरा होतो. पण आधी मेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. पायात काटा गेला, निखारा लागला, तरी कळत नाही. न कळल्यामुळे जखम चिघळते आणि बोटे जातात. म्हणून त्यांना शिकवतात की पाय जे सांगत नाही ते डोळ्यांनी पाहा. वाढत्या साखरेनेही पायांची शुद्ध अशीच हळूहळू जाते. मग आपला वारकरी अनवाणी चालतो, टाचेला फोड येतो, तो त्याला कळत नाही. आणि पंढरीहून परत येतो तेव्हा फोडाची जखम झालेली असते, काही वेळा पाय कापायची पाळी येते. अनवाणी वारीचा संकल्प मोठा आहे, पण साखरेच्या रोग्याने तो करू नये. मऊ तळाची, न लागणारी चप्पल घालावी. चप्पल घातल्याने देव दूर जात नाही. रोज रात्री मुक्कामी दोन्ही तळपाय दिव्यापुढे धरून पाहावेत, स्वतःस दिसत नसेल तर शेजारच्या वारकऱ्याला म्हणावे, "माउली, माझे पाय बघा." संतांच्या पायांचे दर्शन घेणारे आपण, एकमेकांच्या पायांवर नजर टाकायला का लाजावे? पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. थंडीत शेकोटीपाशी पाय नेऊ नयेत, आणि कढत पाण्यात घालण्याआधी दुसऱ्याच्या हाताने पाणी पारखून घ्यावे. इंजेक्शन घेणाऱ्याने औषध उन्हात राहू देऊ नये. बर्फाची पेटी नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ते गार राहते. आणि झोळीत टाळांबरोबर औषधाची पिशवी, रोगाचे नाव व गोळ्यांची नावे लिहिलेला कागद, आणि गुळाचा खडा असावा. पालखीच्या वाटेवर आरोग्य पथके असतात. त्यांना तो कागद दाखवला की त्यांचे अर्धे काम होते.

येथे एक कडू बोलतो, रागावू नये. गळ्यात तुळशीची माळ आणि गालात खर्रा, हे दृश्य आपल्या चांदा-गडचिरोलीकडे फार. मांस सोडले, दारू सोडली, पण खर्रा सुटत नाही. कीर्तनात उभा राहताना कोपऱ्यात जाऊन थुंकून येतो आणि मग विठ्ठल विठ्ठल म्हणतो. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, हृदयाला आणि पायांना रक्त कमी पोहोचवते, तोंडाचा कर्करोग करते. ज्याला रक्तदाब किंवा साखर आहे त्याने खर्रा खाणे म्हणजे पेटत्या घरावर घासलेट ओतणे होय. ज्या मुखाने नाम घ्यायचे ते मुख उघडेनासे झाले तर नाम घेणार कशाने? यास्तव माळकऱ्याने माळेचे नियम मोजताना खर्ऱ्याचाही त्याग त्यात धरावा, एवढीच हात जोडून विनंती.

आता घरातल्या तरुणांकडे वळतो, कारण हे मासिक तेही वाचतात, निदान म्हाताऱ्यांना वाचून दाखवतात. पंढरीचा देव विटेवर का उभा आहे? भक्त पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. दारी साक्षात परमात्मा आला तरी तो उठला नाही. वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. देव थांबला, तो अजून थांबलाच आहे. म्हणजे आपल्या सबंध संप्रदायाचा पाया म्हाताऱ्या माणसांच्या सेवेवर घातलेला आहे. आजच्या काळी ती सेवा कोणती? गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून सकाळची कोणती, रात्रीची कोणती हे सांगणे. महिन्याचे औषध संपायच्या आधी आणून ठेवणे. डोंगरावरून खाली गडचांदुराला, राजुऱ्याला तपासणीस नेताना एक दिवसाची मजुरी बुडवणे. आणि हे सर्व उपकार केल्यासारखे न करता करणे. "बाबा, गोळी घेतली का?" हे शब्द दरडावूनही उच्चारता येतात आणि मायेनेही. पहिल्याने बाबा गोळी लपवतात, दुसऱ्याने घेतात. घरातल्या आईकडे, आजीकडे विशेष लक्ष असू द्या. ती सर्वांना वाढून शेवटी उरलेले खाते, आणि आपले दुखणेही शेवटीच सांगते. बहुधा फार उशिरा सांगते. तिने सांगण्याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा.

म्हाताऱ्यांनाही एक सांगणे आहे. सेवा घेणे ही देखील साधना आहे. आयुष्यभर ज्याने दिले त्याला घेणे जड जाते. नातू पाय बघायला बसला तर पाय आखडून घेऊ नका. त्याच्या हातून पुंडलिकाचे पुण्य घडत आहे, ते त्याला घडू द्या. आणि घरात पथ्याची भाजी वेगळी शिजत असेल तर "माझ्यामुळे त्रास" असे दहांदा म्हणू नका. एकदा "छान झाली" म्हणा.

आता शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे. नामाने साखर उतरते, रक्तदाब जातो, असे मी या पानावर सांगणार नाही. असे सांगून गोळ्या सोडायला लावणारे काही लोक फिरत असतात, त्यांच्यापासून सावध राहा. संतांनी नामाचा असा बाजार कधी मांडला नाही. मग नाम काय करते? रात्री दोन वाजता गुडघा ठणकतो, झोप उडते, सारे घर झोपलेले असते, आणि मनात विचार येतो की आता पुढे कसे होणार. ती घटका सर्वांत कठीण. औषधाच्या पेटीत त्या घटकेवर गोळी नाही. तेव्हा ओठ हलू लागतात, राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी, आणि ठणका तोच राहिला तरी एकटेपण जाते. सोबतीला दुखणे होतेच. आता दुखण्याच्या पलीकडे आणखी कोणीतरी आहे असे कळते. भय उतरते. ज्याचे भय उतरले तो सकाळी उठून गोळी नीट घेतो, दोन पावले चालतो, घरच्यांशी गोड बोलतो. औषध देहाला टिकवते, आणि टिकलेल्या देहात नाम राहते. दोघांचे भांडण नाही.

म्हणून एक साधा नित्यनेम सांगतो. सकाळी काकड्याच्या वेळी उठावे, तोंड धुवावे आणि देवापुढे दिवा लावताना गोळीची डबी तिथेच ठेवलेली असावी, म्हणजे विसर पडत नाही. जेवणाआधीची की नंतरची, हे डॉक्टरांनी सांगितले असेल तसे. उन्हे चढायच्या आत गावच्या मंदिराला झेपतील तेवढ्या प्रदक्षिणा घालाव्यात. हा देवाचा नेम आणि वैद्याचाही. भाकरी असू द्या, पण भाजी-वरण अधिक असू द्या; मीठ आणि लोणचे हात राखून. सायंकाळी हरिपाठाला चार माणसांत जावे; टाळ धरवत नसेल तर टाळी वाजवावी, टाळी वाजवत नसेल तर ऐकावे. रात्री तळपाय पाहावेत. आणि महिन्यातून एकदा एखाद्या एकादशीच्या आगेमागे तपासणीस जावे, म्हणजे तिथीबरोबर तपासणीही लक्षात राहते. यात खर्च फारसा नाही, नेटाचे काम आहे. आणि नेट वारकऱ्याला शिकवावा लागत नाही. ज्याने वीस वर्षे वारी चुकवली नाही त्याला गोळी न चुकवणे काय कठीण?

ज्यांची पायी वारी आता होत नाही त्यांनी मनात खंत धरू नये. गावचे विठ्ठल मंदिर हेच लऊळ समजावे. गावातून दिंडी निघेल तेव्हा वेशीपर्यंत जाऊन निरोप द्यावा, "देवाला सांगा, मला तेथवर येता येत नाही." जो जाईल त्याने तो निरोप विसरू नये. तो देवाच्या पायांवर घालावा आणि परत आल्यावर बुक्का त्या म्हाताऱ्याच्या कपाळी लावावा. अशी वारी गावाची होते, एकट्यादुकट्याची राहत नाही.

पांडुरंगा, आमच्या थोर वयाच्या माउलींचे देह तुझ्या नामासाठी टिकू देत. त्यांच्या दुखण्याला आवर असू दे, त्यांच्या घरच्यांना पुंडलिकाची बुद्धी दे, आणि ज्यांचे पाय थकले त्यांच्याकडे तूच चालत जा. तुझे पाय विटेवर समचरण आहेत, पण निघायचे ते विसरलेले नाहीत, हे आम्हांला कूर्मदासांमुळे ठाऊक आहे.

रामकृष्णहरी!